ओळीतला चाकवत

परक्या भूमीशी माणसाचं नातं जुळतं ते तिची माती हाताला लागल्यावरच. हे वाक्य मला मुंबईहून निघालेल्या विमानात सुचलं आणि मी त्यावर इतकी खूश झाले, की शेजारी झोपलेल्या मिलिंदला उठवून ऐकवलं. त्याने डोळे न उघडता विचारलं, "घरात घालायच्या चपला घेतल्यास का?"

चपला राहिल्या होत्या.

मिलिंदच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं आणि मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन बरोबर आले होते. लंडनच्या वायव्येला, ट्रेनने थोडक्या वेळात पोचता येईल असं वॉटफर्ड नावाचं गाव आहे. तिथे आम्ही घर भाड्याने घेतलं. पुढचे पाच-सहा महिने माझ्या हाताला माती अशी लागलीच नाही. लागला तो कचरा.

वॉटफर्ड, शरद ऋतू

इंग्लंडात नवखा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या रंगाकडे किंवा उच्चारांकडे बघायची गरज नाही. त्याची कचऱ्याची पेटी कोणत्या दिवशी दारासमोर येते ते बघावं. प्रत्येक घराला निरनिराळ्या रंगांच्या पेट्या असतात. कुठल्या आठवड्यात कुठली पेटी बाहेर काढायची याचं वेळापत्रक कौन्सिल पाठवतं आणि सगळे ते ताबडतोब हरवतात. पुण्यात घंटागाडी गाणं वाजवत येते, आपण धावतो, संपलं. इथे सगळं काम मूकपणे आणि विश्वासावर चालतं.

आमच्या गल्लीला मोठी शिस्त आहे असं मला पहिला महिनाभर वाटत होतं, कारण संध्याकाळी सगळ्या दारांसमोर एकाच रंगाच्या पेट्या उभ्या असायच्या. मग एका मंगळवारी मिलिंदने ऑफिसातून लवकर येऊन चुकून निळी पेटी बाहेर ठेवली. सकाळी बघतो तर अख्ख्या गल्लीत निळ्या पेट्या. कौन्सिलची गाडी काळ्या पेट्यांसाठी आली, थबकली आणि रिकामी निघून गेली. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की कोणती पेटी काढायची हे इथे कोणालाच ठाऊक नसतं. जो पहिला काढेल त्याच्यामागून बाकीचे काढतात. त्या दिवसापासून आपण या गल्लीचे झालो, असं मिलिंद अजून मानतो. मी म्हणते, त्या दिवसापासून गल्ली आपल्यावर विश्वास ठेवायची थांबली.

घरातलं बस्तान मात्र लवकर बसलं. स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा अलार्म होता. लसणीची फोडणी पडली की तो बोंबलायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही टॉवेल फडकवत पळापळ केली. नंतर मिलिंद वरच्या मजल्यावरून अलार्म ऐकून हात धुऊन थेट पानावर येऊन बसायला लागला.

वेम्बली

कढीपत्ता आणि अळू मिळवायचं म्हणजे वेम्बलीच्या ईलिंग रोडला जायचं. पुण्याहून आलेल्या माणसाला तो रस्ता बघितल्यावर आपण परदेशात आलो अशी खात्री पटते, फक्त तो परदेश अहमदाबाद असतो. नोव्हेंबरातल्या एका ओल्या दुपारी मी तिथल्या एका भाजीवाल्याकडे अळूची पानं उलटीसुलटी करून बघत होते. मागून आवाज आला, "अहो, ती नका घेऊ. खाजरी आहेत."

वळून पाहिलं. पांढरे कापलेले केस, निळा रेनकोट, पायांत भक्कम बूट आणि रेनकोटाखालून डोकावणारी इरकली साडी.

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"भाव वाचून 'बापरे' म्हणालात आणि तरी पिशवी उघडलीत. गुजराती बाई असती तर आधी भाव उतरवून घेतला असता."

या उषाताई पाटणकर. लग्न होऊन दादरहून इथे आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. इथल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. यजमान दिनकरराव काही वर्षांपूर्वी गेले. एकुलती मुलगी अनिता लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला असते, वकील आहे. उषाताई राहतात वॉटफर्डला, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. परतीच्या ट्रेनमध्ये 'अहो'चं 'अगं' झालं. घर येईपर्यंत त्यांनी मला दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. एक, वसंत ऋतूत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. दोन, त्यांचा एक प्लॉट होता आणि तेवढे तीन महिने तो सांभाळायला त्यांना माणसं हवी होती.

मी पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, की आम्ही इथे एक प्लॉट बघणार आहोत.

"किती गुंठे? एन. ए. आहे का?"

"अगं, भाजी लावायचा."

"भाजी लावायला लंडनला गेलीस?"

प्लॉट

इथे याला अलॉटमेंट म्हणतात. गावाच्या कडेला कौन्सिलची मोठी जागा असते, तिचे लांबट पट्टे पाडून नाममात्र भाड्याने गावकऱ्यांना देतात. प्रत्येकाने आपल्या पट्ट्यावर भाजी लावायची, एक लाकडी शेड उभारायची आणि शेडमध्ये बसून चहा प्यायचा. भाजी हे निमित्त असावं, असा माझा संशय आहे. पट्टा मिळण्यासाठी नाव नोंदवून वाट बघावी लागते. लोक लग्न झालं की नाव नोंदवतात आणि नातवंडं झाली की नंबर लागतो. त्यामुळे एकदा हातातून गेलेला पट्टा परत मिळण्याची आशा कोणी धरत नाही.

सगळ्या पट्ट्यांवर मिळून एक समिती असते. आमच्याकडे गणेश मंडळाचे असतात तेवढे पदाधिकारी: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, शिवाय एक पाणी-अधिकारी. पाणी-अधिकाऱ्याच्या ताब्यात एक नळ होता. अध्यक्ष कीथ. कीथ आयुष्यभर सर्व्हेअर होता, निवृत्त झाला तरी मोजपट्टी निवृत्त झाली नव्हती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो उषाताईंच्या शेडपाशीच उभा होता.

"मिसेस पी, तुमची शेड वाटेवर चार इंच आली आहे."

"कीथ, ती वीस वर्षं तिथेच आहे."

"असेल. तेव्हा मी मोजलं नव्हतं."

हे अत्यंत सौजन्याने चाललं होतं. दोघंही हसत होती. मग कीथने आम्हाला नियम समजावले. पट्ट्याचा तीन-चतुर्थांश भाग लागवडीखाली हवा. तण नको. वर्षातून तपासणी होते. दोष आढळला तर नोटीस, नोटिशीनंतर चार आठवडे, चार आठवड्यांत सुधारणा नाही तर पट्टा पुढच्या माणसाला. "वैयक्तिक काही नसतं," तो म्हणाला. मला वाटलं, इथल्या लोकांना अगदी तेच बोचत असणार.

जाताना उषाताईंनी खरी गोष्ट सांगितली. अनिता बरीच वर्षं मागे लागली होती, आई, माझ्याकडे ये. तिच्याकडे तळमजल्यावर वेगळी खोली आहे, दारात ट्रॅम येते. उषाताईंना तिथे करमत नाही. शेवटी भांडून भांडून मायलेकींनी तह केला होता: प्लॉट आहे तोवर उषाताई वॉटफर्डला, प्लॉट गेला की सामान बांधायचं.

"दिनकर म्हणायचा, घर विकलं तरी चालेल, पट्टा सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "तेव्हा मेधा, बटाट्याला माती चढव, कांद्याला पाणी घाल, बीन्सना काठ्या दे. खालचा वाफा मोकळा आहे, त्यात मी शेणखत टाकून ठेवलंय. त्याचं मी आल्यावर बघीन. बाकी काही करू नका."

आम्ही बाकीचं केलं.

मे महिना

एप्रिलात ऑपरेशन झालं आणि अनिता आईला क्रॉयडनला घेऊन गेली. आम्ही शनिवार-रविवार प्लॉटवर जायला लागलो. मिलिंदने आयुष्यात कुंडीला पाणी घातलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने फावड्यावर पाय ठेवून फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो कंबर धरून बसला. पण शेजारीपाजारी भले निघाले. एकाने वांग्याची रोपं दिली, एकीने जुने हातमोजे. पुण्याच्या मंडईत मूठभर कोथिंबीर फुकट मागायला तोंड वेंगाडावं लागतं. इथे लोक कोर्जेट नावाच्या काकडीसारख्या भोपळ्याचे ढीग तुमच्या शेडच्या दाराशी ठेवून पळून जातात, कारण त्यांच्या घरी ते आता कोणी खात नाही.

मे महिन्याच्या मध्यावर खालचा वाफा हिरवा झाला. आम्ही काही पेरलं नव्हतं. मिलिंद उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"मेधा, हा चाकवत आहे."

"तुला मेथी आणायला पाठवलं तर तू शेपू आणायचास."

"तू ये तर खरी."

मी गेले. पान खुडून चुरगाळलं. मागच्या बाजूला तीच पिठी, त्याच कातरलेल्या कडा, वास तोच. चाकवतच होता. एक दोन रोपं नव्हेत, वाफाभर, शेणखतावर पोसलेला, गुडघ्याएवढा होऊ घातलेला. पुण्यात जुडी निवडताना निम्मी फेकावी लागते, इथे तो देवाने निवडून ठेवल्यासारखा उभा होता.

आम्ही दोघं सुशिक्षित माणसं आहोत. कोणी न पेरता एखादी गोष्ट इतकी जोमाने उगवत असेल तर तिला बहुतेक सगळीकडे काय म्हणतात, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पडला नाही. आम्ही उषाताईंना चकित करायचं ठरवलं. मिलिंदने विरळणी केली, मी चाकवताच्या मधलं दुसरं जे काही होतं ते सगळं उपटून काढलं. रोज संध्याकाळी पाणी घातलं. जाणारे-येणारे थांबून बघायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मग हवा छान आहे म्हणायचे. आम्हीही हवा छान आहे म्हणायचो.

क्रॉयडन

जूनच्या पहिल्या रविवारी मी ताकातला चाकवत केला. हरभऱ्याची डाळ, दाणे, घट्ट दही घुसळून केलेलं ताक, वर लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. अलार्म झाला. डबा मांडीवर घेऊन आम्ही दोन ट्रेन आणि एक ट्रॅम बदलून क्रॉयडनला पोचलो. क्रॉयडन म्हणजे काचेच्या इमारती, आणि त्यांच्यामधून घंटी वाजवत जाणारी ट्रॅम. आमचे व्हिसाचे काही कागद तिथल्या एका ऑफिसात होते, त्यामुळे त्या गावाबद्दल मला उगाचच आदर वाटायचा.

अनिताने दार उघडलं. ती इथेच जन्मलेली, आईच्या नियमामुळे घरी मराठी बोलते आणि अवघड जागा आली की इंग्रजीत उडी मारते. "मेधा, मिलिंद, या ना. आईची गुडघा एकदम छान आहे. फिजिओ म्हणाली, शी इज अ मॉडेल पेशंट."

"माझ्यासमोर नाही म्हणाली," आतून उषाताई म्हणाल्या.

जेवायला बसलो. उषाताईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "मेधा, काय जमलाय गं. ताजा आहे हा. वेम्बलीला तर नसतो ताजा, कुठून आणलास?"

"तुमच्याच प्लॉटवरचा," मिलिंद म्हणाला. इतका अभिमान मी त्याच्या चेहऱ्यावर बढतीच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. "खालचा अख्खा वाफा भरलाय. विरळणी मी केली."

उषाताईंनी चमचा खाली ठेवला. "अख्खा वाफा?"

"अख्खा."

"कीथ आला होता का?"

"नाही. का?"

"अरे देवा. अरे, इथे ते तण आहे. फॅट हेन म्हणतात. कीथ त्याचं नाव काढलं तरी हात धुतो."

"मग तुम्ही खात नाही?" मी विचारलं.

"खाते ना. पट्टा मिळाल्यापासून खातेय. पण बटाट्याच्या आडोशाला. दिसला की खुडायचा, पिशवीत टाकायचा आणि कीथला सांगायचं, तण काढत होते. दर वर्षी शाबासकी देतो मला."

अनिता हसायला लागली. हसता हसता थांबली आणि वकिलाच्या आवाजात म्हणाली, "आई, तपासणी जूनमध्ये असते ना? सो टेक्निकली, प्लॉट गेली तर तू इथे येणार. तू प्रॉमिस केला होता."

"गेला तर. अजून गेला नाही."

"मी खोलीला पेंट कुठला करू ते बघते."

"अने, तू आधी जेव."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं. तिची खोली, तिची ट्रॅम, तिचा पेंट, सगळं ठीक होतं. पण इतकी वर्षं ज्या बाईने हे प्रकरण बटाट्याआड सांभाळलं, तिच्या पट्ट्यावर आम्ही ते पाणी घालून वाढवलं होतं.

नोटीस

नोटीस त्याच आठवड्यात आली. वाफ्याच्या बरोबर मधोमध काठी रोवून तिला बांधलेली, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. इंग्लंडात माणसाचा पाणउतारासुद्धा नीट झाकून ठेवतात. मजकूर इतका नम्र होता, की शेवटच्या ओळीपर्यंत मला वाटत होतं समिती आमचे आभार मानते आहे. शेवटच्या ओळीत चार आठवडे होते आणि त्यानंतर फेरतपासणी.

मी कीथला त्याच्या शेडमध्ये गाठलं. त्याने चहा दिला.

"उपटून टाकलं तर?" मी विचारलं.

"मग तो वाफा रिकामा. तुमचा खालचा वाफा पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा आहे, मी मोजलाय. रिकामा म्हणजे लागवड नाही."

"ठेवलं तर?"

"तर तण."

"पण आम्ही ते खातो. ती आमची भाजी आहे."

"लोक काय काय खातात," कीथ समजूतदारपणे म्हणाला. त्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. "हे बघा, मला वनस्पतिशास्त्र कळत नाही. मला एवढंच कळतं की पीक ओळीत असतं. ओळीच्या टोकाला नावाची पाटी असते. तुमच्याकडे ओळ कुठे आहे?"

मी क्रॉयडनला फोन लावला. उषाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "तो तसाच आहे," त्या म्हणाल्या. "मन वाईट नाही त्याचं. तोच चाकवत ओळीत लाव. दोरी शेडमध्ये उजवीकडे आहे. शनिवारी मी येतेय."

शनिवारी अनिता आईला गाडीतून घेऊन आली. उषाताई घडीच्या खुर्चीवर बसल्या, ऑपरेशनचा पाय पुढे, हातात काठी, आणि त्यांनी सूत्रं हाती घेतली. आम्ही चाकवताची कोवळी रोपं मुळांसकट उकरून काढली, जून रोपं फेकली, वाफा खणून सपाट केला. मग दोरी ताणली. दोरीचं एक टोक मिलिंदकडे, दुसरं धरायला माणूस कमी पडला.

"अने, धर."

"आई, मी वकील आहे. मी एव्हिडन्स टॅम्पर करतेय."

"सरळ धर."

तिने धरली. जो पट्टा गेला असता तर आई आपल्याकडे आली असती, तोच वाचवायला ती ऑफिसचे बूट चिखलात घालून उभी होती आणि हे तिच्याही ध्यानात आलेलं दिसत होतं, कारण ती मधूनमधून "धिस इज रिडिक्युलस" म्हणत होती आणि दोरी ढिली सोडत नव्हती. आम्ही दोरीखाली एकेक वीत सोडून रोपं लावत गेलो. शेजारच्या पट्ट्यावरचा माणूस हेच तण आयुष्यभर उपटत आलेला होता. तो खुरपं हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. इंग्रज माणूस सहसा विचारत नाही. त्याने मान हलवली आणि तो पाठ फिरवून बसला.

पाट्यांवर काय लिहायचं यावर चर्चा झाली. "फॅट हेन लिहिलं तर कबुलीजबाब होईल," अनिता म्हणाली. 'चाकवत' रोमन लिपीत लिहायचं ठरलं. खाली देवनागरीत लिहायचं काम तिने मागून घेतलं. लहानपणी रविवारच्या मराठी वर्गात शिकली होती, त्यानंतर हीच वेळ. प्रत्येक पाटीला तिने तब्येतीत वेळ घेतला. उषाताई बघत होत्या, पण एकही चूक काढली नाही. त्यांना तेवढा वेळ गप्प बसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

ऊन

मग ऊन पडलं. इंग्लंडात ऊन पडलं की लोक अंगावरचे कपडे कमी करून गवतावर पालथे पडतात. दोन दिवस सगळे आनंदात होते. त्यानंतर गवत पिवळं पडलं, ट्रेनचे रूळ तापले म्हणून गाड्या उशिरा धावायला लागल्या आणि पाणी-अधिकाऱ्याच्या आयुष्यात प्रथमच महत्त्वाचा काळ आला. त्याने नळाला पाइप लावायला मनाई केली. झारी घेऊन रांगेत उभं राहायचं, एका माणसाला एका वेळी एक झारी. पुण्यातल्या टँकरच्या रांगेत वाढलेल्या मला ही रांग फार सुसंस्कृत वाटली. एवढंच की पाणी पुरत नव्हतं.

उपटून लावलेला चाकवत उन्हाला टिकला नाही. आधी माना पडल्या, मग पानं कागदासारखी झाली. ज्या झाडाला कीथची समिती इतकी वर्षं संपवू शकली नव्हती, ते आम्ही काळजी घेऊन पंधरा दिवसांत संपवलं. फेरतपासणीच्या आदल्या दिवशी वाफ्यात एकही रोप जिवंत राहिलं नव्हतं.

उषाताई आता काठी घेऊन चालायला लागल्या होत्या आणि तपासणीसाठी आपल्या घरी परतल्या होत्या. त्यांनी वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"सगळं उपटा."

"पण मग वाफा रिकामा होईल," मी म्हणाले. "कीथने स्पष्ट सांगितलंय."

"वाळलेलं ठेवून काय त्याची आरती करू? उपटा. पाट्या राहू देत. दोरी पण राहू दे. दंताळ्याने माती सारखी करून घ्या."

त्यांच्या आवाजात आशा नव्हती. पाहुणे यायच्या आधी बाई घर झाडून घेते, तसं ते होतं. संध्याकाळी अनिताचा फोन आला. पेंटचं काही बोलली नाही. "आई जेवली का?" एवढंच विचारलं.

तपासणी

रविवारी सकाळी कीथ आला. सोबत सचिव आणि पाणी-अधिकारी. तिघांच्याही अंगावर कोट-टाय नसला तरी चेहऱ्यावर होता. अनिता क्रॉयडनहून आली होती आणि शेडला टेकून उभी होती. बटाटे बघितले, कांदे बघितले, बीन्सच्या काठ्या हलवून बघितल्या. मग ते खालच्या वाफ्यापाशी आले.

कीथ एका गुडघ्यावर बसला. एक डोळा मिटून त्याने दोरीच्या रेषेत पाहिलं. उठून दुसऱ्या दोरीच्या रेषेत पाहिलं. मग वाकून पाटी वाचली.

"चॅक-वॉट."

"हो," उषाताई म्हणाल्या.

"भारतीय?"

"आम्ही घरी खातो."

"येईल ना इथे? आपल्या हवेत?"

"कीथ," उषाताई शांतपणे म्हणाल्या, "ते आल्याशिवाय राहत नाही."

कीथने मान डोलावली. त्याने सचिवाकडे बघितलं, सचिवाने पाणी-अधिकाऱ्याकडे. मग कीथने घसा साफ केला आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून छोटं भाषण केलं. लागवड म्हणजे नुसती झाडं नव्हेत, तो म्हणाला. झाडं कोणाच्याही पट्ट्यावर येतात. लागवड म्हणजे हेतू. तो या वाफ्यात दिसतो आहे. नोटीस मागे घेण्यात येत आहे.

तो पुढच्या पट्ट्याकडे गेला. उषाताई खुर्चीवर बसल्या. अनिता त्यांच्याजवळ जाऊन वाकली.

"ठीक आहे, आई. पण बाथरूममध्ये हँडल लावायची. दोन्ही बाजूला."

"लाव."

"आणि रोज फोन."

"रोज कशाला?"

"आई."

"बरं, रोज."

पाऊस ऑगस्टपर्यंत आला नाही. त्याआधी, जुलैच्या शेवटी, समितीचा वार्षिक मेळावा झाला. गावाच्या वतीने गळ्यात महापौरपदाची सोनेरी साखळी घालून एक बाई आल्या, केक कापला गेला, आणि सर्वांत सुधारलेला पट्टा म्हणून उषाताईंच्या पट्ट्याला प्रमाणपत्र मिळालं. कीथच्या आग्रहावरून सगळे खालच्या वाफ्यापाशी गेले आणि मिलिंदने फोटो काढला. आम्ही पुण्याला परतलो, उषाताई वॉटफर्डलाच आहेत आणि तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यात कीथ आहे, उषाताई आहेत, मधे साखळीवाल्या बाई आहेत. मागे दोऱ्या सरळ आहेत, पाट्या सरळ आहेत, माती चाळून घेतल्यासारखी स्वच्छ आहे. फोटोत हिरवं असं एकच आहे, तो त्या बाईंचा ड्रेस.